वाघळं कुणाच्या खात्यात

निवृत्त झाल्यावर माणसाला फोन कमी येतात, आणि येतात ते बहुतेक कुणाच्या तरी लग्नाचे. त्यामुळे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी आधी "कधी आहे गं?" असंच विचारलं.

लग्न नव्हतं. ती मुंबईत एका कन्सल्टंट कंपनीत पर्यावरणाचे अहवाल लिहायच्या कामावर होती. पेणकडून रोह्याच्या दिशेने विजेची एक मोठी लाईन टाकायचं घाटत होतं. मार्ग बराचसा सरकारी जमिनीतून जायचा, थोडं वनखात्याचं रान, थोडी गावांची गुरचरणं. अशा लाईनला नियमाने म्हणे एवढा मोठा अभ्यास लागत नाही, पण जे कर्ज देणार होते त्यांची अट होती की टॉवर उभे करण्याआधी त्या पट्ट्यात काय उगवतं, काय राहतं आणि काय उडतं ते कुणीतरी पायी फिरून बघावं.

"मॅडम, झाडांसाठी तुम्हीच," ती म्हणाली. "पेणची झाडं तुमच्याकडूनच शिकले मी."

मला बरं वाटलं. गुडघ्यांना काय वाटलं ते मी तिला सांगितलं नाही.

"आणि मॅडम, सर अजून पक्षी बघतात का?"

सर म्हणजे आमचे हे. हे बँकेत होते. पक्षी बघणं हा त्यांचा रविवारचा उद्योग, आणि निवृत्तीनंतर आठवड्याचे सगळेच वार रविवार झाले. आजवर त्यांच्या या विद्येबद्दल त्यांना कुणी एक चहाही पाजला नव्हता. आता एक कंपनी रीतसर बोलावत होती. त्यांनी फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला, आणि "बघतो, वेळ काढावा लागेल" असं अशा काही आवाजात म्हणाले की पलीकडच्या मुलीला वाटावं, समोर तारखांसाठी रांग लागली आहे. त्या वेळी त्यांच्या मांडीवर मटारच्या शेंगांची परात होती.

पुढच्या आठवड्यात कामाचे कागद आले. त्यात माझ्यापुढे 'वनस्पती सल्लागार' आणि यांच्यापुढे 'पक्षीतज्ज्ञ' असं छापलं होतं. हे दिवसभर ते कागद पुन्हा पुन्हा उलटत होते. रात्री जेवताना सहज म्हणाले, "सल्लागार आणि तज्ज्ञ यांत फरक काय असतो गं नेमका?" मी म्हटलं, "सल्लागाराला पगार घेऊन शिकवायचा अनुभव असतो." मग आम्ही आमटीबद्दल बोललो.

जानेवारीत काम सुरू झालं. सकाळी जीप घ्यायला यायची. आमच्या गल्लीत गणपतीचे दोन कारखाने आहेत. बिनरंगाचे गणपती उन्हात वाळत घातलेले असायचे आणि त्यांच्यामधून जीप मागे घेताना ड्रायव्हरचा जीव अर्धा व्हायचा. हायवेवरून नागोठण्याच्या अलीकडे आत वळलं की डांबर संपायचं, आणि पुढे ज्या गावाच्या गुरचरणातून लाईन जायची होती तिथपर्यंत धूळ. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला पुष्कळ चहा पाजला आहे आणि पुढे लिहिलेलं सगळंच त्यांना आवडेल असं नाही.

रस्ता दाखवायला आणि काटेरी झुडपं बाजूला करायला कंपनीने तिथल्या वाडीवरची एक बाई दिली होती. माझ्याच वयाची. मी तिला मावशी म्हणायचे आणि तीही मला मावशी म्हणायची, कारण आपण दोघींत लहान असं दोघींनाही वाटत होतं. वाडीवरच्या माणसांना रानातलं पान अन् पान माहीत असतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी एका झुडपापाशी थांबून मी तिला विचारलं, "याला इथे काय म्हणतात?"

तिने कोयता खाली धरून झुडपाकडे नीट बघितलं. "ह्याला नाव नाय."

"असं कसं? काहीतरी म्हणत असाल."

"गुरा खात नाय, चुलीला फाटी होत नाय, औषधाला लागत नाय. मंग नाव कशाला ठेवायचा?"

मी माझ्या वहीत त्याचं लॅटिन नाव लिहिलं. तेवढ्या वेळात ती विडी ओढून पुढे निघालीसुद्धा.

खरी अडचण आमची दोघांची होती. यांना पक्षी बघायला शांतता लागते. मला झाड बघायचं तर फांदी खाली ओढावी लागते, पान चुरगळून वास घ्यावा लागतो आणि, हा माझा वर्गातला दोष आहे, मोठ्याने बोलावं लागतं. मी एक फांदी वाकवली की यांचा एक पक्षी उडायचा. तिसऱ्या पक्ष्याला हे वळून माझ्याकडे असे बघू लागले जसे बँकेत चेकवर सही चुकलेल्या माणसाकडे बघत असतील. शेवटी ठरलं की हे पुढे जायचे, मी हाका मारता येणार नाहीत इतकी मागे राहायची, आणि काही निरोप असला तर मावशीने न्यायचा.

ही व्यवस्था फार छान चालली. मी म्हणायचे, "साहेबांना सांगा, एवढं पळू नका, मला चार पावलांवर एक झाड असतं, तुमच्यासारखं नुसतं आकाशात बघून चालत नाही." मावशी पुढे जायची, परत यायची. "सायब बोलतात, दमली असशील तर बस जरा सावलीला." मला आश्चर्य वाटायचं. इतकी विचारपूस लग्नाच्या पहिल्या वर्षातही झाली नव्हती. मीही मग विरघळून म्हणायचे, "बरं, पण डबा त्यांनी एकट्याने उघडू नये म्हणावं." पुष्कळ दिवसांनी घरी बोलता बोलता कळलं की यांचा निरोप असायचा, "तिला सांगा, पोपट उडाले, आता तरी गप्प राहा." आणि माझे टोमणे यांच्याकडे पोचायचे ते "बाई बोलतात, सांभाळून चाला, पुढं दगड हायत" अशा रूपात. त्या मावशीने आमचा संसार त्या रानात जितका सुखाने चालवला तितका आम्हाला पेणमध्ये कधी जमला नाही.

गुरचरणाच्या टोकाला एक ओढा आहे. ओढ्याच्या काठी लाईनच्या खुंट्या मारलेल्या होत्या, लाल रंग लावलेल्या. त्या दिशेने जात असताना पुढून यांचा हात वर झालेला दिसला. मावशी धावत आली. "चला चला, सायबांना कायतरी गवासला."

दुरून कलकलाट ऐकू येत होता. शेकडो गळ्यांचा, भांडल्यासारखा. हे जागच्या जागी उभे होते, दुर्बीण हातात पण डोळ्यांना लावलेली नाही. "अगं, बगळ्यांची वसाहत असणार," ते कुजबुजले. "किंवा करकोचे. ऐक. एवढी मोठी वसाहत या पट्ट्यात कुणी लिहिलेलीच नाही." त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. बढतीच्या वेळीही तो इतका उजळला नव्हता.

आम्ही झाडांपर्यंत पोचलो. उंच बेहडे होते दोन, पानं झडायला लागलेली, आणि शेजारी एक जाडजूड अर्जुन. तिन्ही झाडं काळ्या पिशव्या टांगाव्यात तशी भरलेली होती. पिशव्या हलत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, पंख पसरून वारा घेत होत्या.

"वाघळा," मावशी म्हणाली. "ती कवापास्नं हायत इथं."

यांनी दुर्बीण गळ्यात सोडून दिली. "चला पुढे," म्हणाले.

"पुढे काय? लिहा की."

"काय लिहू? पक्षी नाहीत ते. त्यांना पिसं नाहीत."

"पानंही नाहीत," मी म्हटलं. "मी तरी कशी लिहू?"

तिथेच उभ्या उभ्या मी माझ्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, सस्तन प्राण्यांसाठी वेगळा माणूस आहे, तो मे महिन्यात येणार आहे." मी तिला सांगितलं की खुंट्या याच झाडांना लागून आहेत, म्हणजे लाईनखालचा पट्टा साफ करताना ही झाडं आधी जाणार. तिने नकाशा उघडला. "पण नकाशात तिथे 'झुडपं, झाडं तुरळक' असं आहे." वरून काढलेल्या फोटोत बेहडे निष्पर्ण दिसले असतील आणि कुणा तरुण माणसाने ते झुडपांत जमा केले असतील. मी तिला म्हटलं, "बेहडा उन्हाळ्याआधी पानं टाकतो, हे तुला मीच शिकवलं होतं." ती म्हणाली, "मॅडम, तो पाठ झाला त्या दिवशी मी गैरहजर होते." हजरजबाबी मुलगी, पूर्वीपासून.

त्या दुपारी सरपंचांनी चहाला बोलावलं. पन्नाशीचा रुंद माणूस, घरामागे आंब्याची कलमं आणि चिकूची मोठी बाग. लाईन येणार, गावाचं नाव होणार, म्हणून खूश होते. वाघळांचा विषय निघताच त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"सर, टॉवर तिथंच द्या. अगदी त्या झाडांच्या जागी. मी तर म्हणतो उद्या द्या. माझा निम्मा चिकू ही वाघळं खातात. तुमची लाईन येऊ दे, पहिल्याच दिवशी पळतील. कसल्या कामाची आहेत ती? ना दूध, ना अंडं."

आता आमच्या यांचा स्वभाव असा आहे की त्यांना एखादी गोष्ट स्वतः नाकारायला आवडते, दुसऱ्याने नाकारलेली चालत नाही. तासाभरापूर्वी ज्यांना पिसं नव्हती म्हणून हे पुढे चालले होते, त्यांच्याबद्दल हे सरपंचांना ताठ होऊन म्हणाले, "कसल्या कामाची आहेत ते अभ्यासाअंती कळेल."

"कुणाच्या अभ्यासाअंती?" जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं.

"आहे कोण दुसरं?" हे म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात हे संध्याकाळचे तिथे जाऊ लागले. वाघळं दिवस मावळताना झाडं सोडतात, तेव्हा ती मोजता येतात असं कुठेसं वाचलं होतं. शाळेतून एक प्लास्टिकची खुर्ची आणवून ती थेट अर्जुनाखाली मांडली. मी म्हटलं, "अहो, जरा बाजूला बसा." मावशीही म्हणाली, "सायब, तिथं नका बसू." हे म्हणाले, "इथून आकाश मोकळं दिसतं."

सूर्य डोंगराआड गेला, झाडं हलली आणि एकेक वाघूळ फांदी सोडू लागलं. वाघूळ उडण्याआधी पोट हलकं करून घेतं, ही माहिती यांच्या वाचनात अजून आली नव्हती. मोजणी सुरू झाली तशीच संपली. नवी टोपी, नवं खिशाखिशांचं जाकीट, चष्मा, सगळं न्हालं. मावशी हसत हसत खालीच बसली. ड्रायव्हरने सीटवर आधी पोतं अंथरलं आणि मगच यांना आत घेतलं. वडखळच्या चहावाल्याने आमचा चहा बाहेरच आणून दिला.

मला वाटलं, संपलं. पण एखाद्या माणसाला छंद लागायचा तर असाच लागतो बहुधा. हे छत्री घेऊन परत गेले. मग दिवसाउजेडीही जाऊ लागले. घरी चहाच्या वेळी पेपर बाजूला ठेवून मला सांगू लागले की वाघूळ तोंडानेच सगळं अंग पुसून पुसून स्वच्छ करतं, ते रात्रीत कुठल्या कुठे जाऊन येतं, त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं तर ते कुत्र्याच्या पिल्लासारखं दिसतं. "आणि माणसासारखं भांडतं गं. आपली जागा सोडत नाही." मी म्हटलं, "कळतंय मला, रोज बघते."

एक दिवस हे घरी आले आणि रुमालाची गाठ माझ्यासमोर सोडली. आत बिया होत्या आणि चघळून टाकलेले चोथे. झाडाखालून वेचून आणलेले.

"ही कशाची?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो. मी परसात काही लावलं की हे त्यावर बसलेल्या पक्ष्याचं नाव सांगायचे आणि त्या झाडाचं नाव मला कधीच विचारायचे नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी एक बी माझ्या तळहातावर ठेवली आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत राहिले. मला उगाचच परीक्षेला बसल्यासारखं झालं.

"बकुळ," मी म्हटलं. "आणि ही उंबराची. हा चोथा देशी बदामाचा."

पुढचे काही आठवडे आम्ही दोघं एकत्र त्या झाडांखाली गेलो. छत्री एक. हे वेचायचे, मी ओळखायचे. इथून खाल्लेलं फळ तिथे पडतं, ओढ्याच्या वरच्या अंगाला उंबराची नवी रोपं का दिसतात, ते आमच्या हळूहळू ध्यानात येत गेलं. हे मला "सांग ना, सांग ना" करायचे आणि मी वर्गातल्यासारखी मोठ्याने सांगायचे. वाघळं उडाली नाहीत. त्यांना माझ्या आवाजाचं काही वाटत नव्हतं. हा त्यांचा गुण मला पहिल्यापासून आवडला.

मग चिकूच्या बिया निघाल्या. काळ्या, चकचकीत, आणि पुष्कळ. हे त्या पायाने पाचोळ्याखाली सरकवत होते.

"काय करताय?"

"काही नाही. चिकू काय, येतो कुठूनही."

"रानात चिकू कुठून येईल? सरपंचांच्याच बागेतला आहे. लिहायला हवं."

"अगं, ते लिहिलंस तर झाडं गेलीच समज."

"आणि नाही लिहिलं तर मी काय लिहिते त्यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

जीप येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे, आणि काही निरोप आहे का म्हणून थोडी थांबली. निरोप नव्हता. मी घरी जाऊन चिकू लिहिला. उंबर, बकुळ, पिंपळ, बदाम, आणि चिकूसुद्धा, जितका सापडला तितका. ते पान माझ्या विद्यार्थिनीने दोनदा लाल शेऱ्यांसह परत पाठवलं, एकदा कारण मी 'पुष्कळ' असं लिहिलं होतं आणि एकदा कारण मी 'फारच पुष्कळ' असं लिहिलं होतं.

ग्रामसभा मार्चमध्ये झाली. गावच्या समाजमंदिरात लाईनची माहिती द्यायची, हरकती ऐकायच्या, आणि गुरचरणातल्या मार्गाला गावाचा होकार घ्यायचा. मुंबईहून माझी विद्यार्थिनी आली होती, आणि लाईनच्या कंपनीचे इंजिनियर आले होते, सौम्य, चष्मेवाले, प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे कसं" म्हणणारे. पडदा लावला होता, प्रोजेक्टर होता. यांनी आयुष्यातलं पहिलं भाषण तयार केलं होतं, वाघळांच्या फोटोंसकट. त्यातला एक फोटो त्यांनी मला घरी इतक्या वेळा दाखवला होता की मी तो स्वप्नात पाहिला असता. पोटाशी पिल्लू धरून उलटी लटकलेली आई, आणि पिल्लाचा पंखातून बाहेर आलेला एक डोळा.

"म्हणजे कसं," इंजिनियर म्हणाले, "ही लाईन झाली की या सगळ्या भागाचा वीजपुरवठा..."

आणि वीज गेली.

पडदा काळा झाला, माईक मुका झाला, पंखे मंदावत मंदावत थांबले.  मग मागच्या रांगेतल्या बायकांत कुणाला तरी हसू फुटलं आणि ते पुढे सरकत सरकत सगळ्या मंदिराने घेतलं. इंजिनियरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेही हसले. मला तो माणूस तेव्हापासून आवडतो.

यांच्या भाषणाचं पार पाणी झालं. फोटो नाहीत, माईक नाही, उजेड खिडकीतून येईल तेवढा. मला वाटलं, आता नको म्हणतील. पण हे उठले.

"मी बँकेत होतो," हे म्हणाले. "मला तुमच्यासमोर वाघळांबद्दल बोलायचा काही अधिकार नाही. मी आधी त्यांना टाळूनच पुढे चाललो होतो." मग त्यांनी सांगितलं की आत्ता माद्यांच्या पोटाशी पिल्लं आहेत. दुपारी जाऊन बघा म्हणाले, प्रत्येकीच्या पंखात एक गाठोडं आहे. झाड पाडलं तर आई उडेल. अंगावरचं पिल्लू घेऊन ती किती लांब... इथे त्यांचा आवाज बसला. ते खोकले, पाण्याची बाटली शोधू लागले आणि बाटली हातातच होती. मी खाली मान घालून बसले होते. घरात कुणी गेलं तरी या माणसाचा आवाज बसलेला मी ऐकला नव्हता.

सरपंच उठले. "सर बोलले ते ठीक आहे. पण चिकूचं काय? हे बघा, मॅडमनी स्वतः लिहिलंय." त्यांच्या हातात माझं पान होतं, सभेआधी कंपनीने वाटलेल्या कागदांतलं. "मॅडम, वाघळं माझा चिकू खातात की नाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, यांनी सोडून.

"खातात," मी म्हटलं.

"बघा."

"उंबर त्याहून जास्त खातात. तेही त्याच पानावर आहे. तुमच्या बागेच्या वरचं सगळं रान त्यांनीच पेरलेलं आहे, ओढ्याला पाणी टिकतं ते त्या रानामुळे, आणि बागेला पाणी तुम्ही ओढ्यातूनच घेता."

 सरपंच पानाने वारा घेऊ लागले.

तेवढ्यात मावशी उभी राहिली. ती माझ्याकडे किंवा यांच्याकडे बघतही नव्हती. "वाघळा ऱ्हावो नायतर जावो, मला काय त्याचा," ती म्हणाली. "घान लय करतात. पन बाजारात जाताना फाटीचा भारा आमी त्या बेहड्याखालीच उतरवतो. त्या वाटंवर दुसरा झाड नाय. आनि बेहडे आमी वेचून इकतो. झाडा तोडली तर बसायची कुठं आमी, टॉवरखाली?"

वाडीवरच्या बायका सगळ्या एकदम बोलू लागल्या. "व्हय गो, खरा हाय" असं चारी बाजूंनी झालं. इंजिनियर नकाशा खिडकीपाशी नेऊन बघू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे कसं, दोन टॉवर वरच्या माळाकडे सरकवता येतील. लाईनला थोडं वळण पडेल. पण माळावर काही आहे का?"

"ग्राउंड हाय आमचं!" दाराजवळचे सगळे तरुण ओरडले.

इतका वेळ ही मंडळी भिंतीला टेकून मोबाईल बघत होती. वाघळं, चिकू, सावली, कशानेही त्यांची मान वर झाली नव्हती. आता मात्र असा गदारोळ झाला की माईक नसल्याचं बरंच वाटलं. सरपंचांचा मुलगा टीमचा कप्तान होता. तो म्हणाला, दर वर्षी तिथे सामने होतात, रोह्याहून टीम येतात. शेवटी इंजिनियर, कप्तान आणि निम्मं गाव उन्हात माळावर चालत गेलं. टॉवर कडेला बसत होता, पण पिच जिथे होतं तिथून ते आडवं फिरवावं लागणार होतं. कप्तान पावलांनी मोजत गेला, मोजत आला, आणि त्याच्या लक्षात आलं की नव्या पिचवर एका बाजूची बाऊंड्री बरीच जवळ येते. तो स्वतः त्याच बाजूला मारायचा. हरकत मागे घेतली गेली.

सरपंच मात्र अडून राहिले. "मला काय मिळालं? झाडं राहिली, वाघळं राहिली." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही चिकू लपवला असता तर मी आज सही दिली नसती. पण तुम्ही लिहिलात. आता उपाय पण तुम्हीच लिहा." मी माझ्या विद्यार्थिनीकडे बघितलं. तिने जागच्या जागी लिहून घेतलं, बागेला जाळ्या, खर्च लाईनवाल्यांचा. सरपंचांनी जाळीचा रंग कुठला हेही सांगितलं. हिरवा.

परतताना जीपमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाले, "चिकू लिहिलास ते बरं केलंस."

"काय म्हणालात?" मी म्हटलं. ऐकलं होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं.

"काही नाही," हे म्हणाले.

अहवाल आला तेव्हा त्यात माझ्या झाडांना पानंच्या पानं मिळाली होती. यांचे पक्षी शेवटी एका जोडपत्रात गेले होते. सस्तन प्राण्यांचा माणूस मे महिन्यात आलाच नाही, त्याला दुसरीकडे नोकरी लागली. त्यामुळे 'सस्तन प्राणी' हा सगळा भाग यांचाच छापला. त्यात वाघळं होती, आणि मावशीच्या सांगण्यावरून घातलेलं एक रानडुक्कर, जे आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही.

लाईन उभी राहिली. माळाच्या कडेने वळण घेऊन जाते. तारांवर गोल चेंडू लावलेत, उडणाऱ्यांना तार दिसावी म्हणून. वीज सोडली त्या संध्याकाळी हे माळावर उभे होते आणि शेवटचं वाघूळ दिसेनासं होईपर्यंत हलले नाहीत. बहुतेक वाघळं नदीच्या अंगाला जातात, तारांच्या उलट दिशेने. पुढे पावसानंतर एक मात्र तारेला लागून मेलेलं सापडलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून त्यांनी जास्त चेंडू लावून घेतले. इंजिनियरांनी पहिल्या फोनला हो म्हटलं. नाहीतर हे आपल्याला रोज फोन करतील ही भीती त्यांना असावी.

हे अजूनही आठवड्यातून एकदा जातात, सकाळची एस्टी पकडून, फाट्यावर उतरून पुढे पायी. गुडघ्यांची मला आता तेवढी परवानगी उरलेली नाही. परवा पेणच्या बाजारात मावशी भेटली. टोपली डोक्यावरून उतरवून तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग जरा जवळ सरकली.

"सायब येतात तिकडं," ती म्हणाली. "झाडाखाली बसून वाघळांशी बोलतात. मी ऐकलाय. मावशे, घरात बोलत नाय काय गो तू त्यांच्याशी?"